मानेवरचं पाणी

मान दुखणं हे दुखणं म्हणून कुणाला सांगायची सोय नसते. ताप आला तर माणसं कपाळाला हात लावून बघतात, पाय मोडला तर शहाळी घेऊन भेटायला येतात. मान दुखते म्हटलं की समोरचा माणूस स्वतःचीच मान चोळायला लागतो आणि म्हणतो, माझीपण. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत ही तक्रार म्हणजे नुसत्या हवापाण्याच्या गप्पा. पेपर तपासून तपासून तिथे सगळ्यांच्याच माना कामातून गेलेल्या. म्हणून मीही बरीच वर्षं काही बोलले नाही. तव्यावर मीठ गरम करायचं, फडक्यात बांधून शेकायचं आणि सकाळी पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं.

मी मराठी शिकवते. राहते वटारला, नवऱ्याच्या वाडीत. वाडीत केळी आहेत, मोगऱ्याचे थोडे वाफे आहेत आणि मधोमध आमचं घर आहे. नवरा नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पूर्ण वेळ केळींच्या मागे असतो, त्यामुळे घरात शांतता असते. मुलगी एकच. ती मुंबईत नोकरी करायची आणि सुट्टीला घरी आली की ही शांतता मोडायची.

दुखणं आता फक्त मानेचं राहिलेलं नाही हे मला तिनेच दाखवलं. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आम्ही दोघी चालत घरी येत होतो. आमच्या आळीचा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला कुंपणं, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट. ती म्हणाली की मी तिला पाटात ढकलतेय. मी म्हटलं, मी सरळ चालतेय, तूच मध्ये मध्ये येतेस. ती थांबली, मला एकटीला पुढे जाऊ दिलं आणि मागून मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो बघून मला राग आला. त्यात एक बाई रविवारची साडी नेसून, मान ताठ धरून, हळूहळू डावीकडे सरकत होती. डगमगत नव्हती, लंगडत नव्हती. आपण अगदी सरळ निघालो आहोत याची तिला खात्री असावी असं तिच्या पाठीवरून दिसत होतं.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवली. मागून कुणी हाक मारली की मी मान न वळवता सगळीच्या सगळी वळायचे, कपाट फिरवावं तशी. चालताना कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला थांबावं लागायचं. चालणं आणि बोलणं ही दोन कामं एकदम होईनात. फळ्यावर लिहून मुलांकडे वळले की क्षणभर वर्ग तिरका व्हायचा आणि त्या क्षणात तोंडाशी आलेला शब्द निघून जायचा. साधे शब्द. ओंजळ, उंबरा, असले. मुलं सभ्य होती, ती शब्द पुरवायची. मला मात्र ते फार लागायचं. जिने जन्मभर शब्दांवर पोट भरलं तिने आठवीच्या मुलांकडून उंबरा उसना घ्यावा, हे मला अजून पटत नाही.

मग डॉक्टर करून झाले. चष्म्याचा नंबर बदलला, तरी जमीन होती तशी तिरकी. कान तपासले, साखर तपासली, रक्तदाब दोन्ही हातांवर घेतला. सगळं ठीक निघालं. शेवटच्या डॉक्टरांनी कागद बाजूला सारले आणि सांगितलं की या वयात असं होतं. या वयात माझ्या सासूबाई डोक्यावर केळीचा घड घेऊन वाडीतून घरी येत होत्या, पण हे मी त्यांना ऐकवलं नाही. चक्कर म्हणजे डोक्याचं काहीतरी, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीसुद्धा. मान दुखते हे मी यांतल्या एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. मान काय, सगळ्यांचीच दुखते.

सल्ले मात्र फुकट मिळत होते. उशी काढून टाका. उशी घाला, पण पातळ. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी. कुणीतरी गळ्यात घालायचा पट्टा आणून दिला, तो मी शाळेत घालून गेले. त्या दिवशी वर्ग इतका शांत होता की मला वाटलं हा पट्टा आधीच घ्यायला हवा होता. संध्याकाळी तो काढला तेव्हा डोकं कुठे ठेवायचं तेच कळेना, आणि मी स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला.

हे सगळं चाललेलं असताना मुलीचं लग्न ठरलं. मुलगा उमेळ्याचा, आपल्यातलाच, तिच्याच ऑफिसातला. लग्नानंतर दोघं कॅनडाला जाणार होती. हल्ली आळीतली बरीच मुलं तिकडे जातात, त्यामुळे त्यात नवल वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं आणि मी वाटून घेतलं नाही. मला पहिली काळजी लागली ती पाण्याची.

आमच्या आळीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी आणतात. घरोघरी नळ आले, बोअर झाल्या, तरी नवरीच्या अंघोळीचं पहिलं पाणी विहिरीचंच. पुढे बँड, मागे बायका, आणि बायकांच्या पुढे जी चालते तिच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भरलेली तांब्याची कळशी. ती बाई म्हणजे नवरीची आई. आई नसली तर काकू. कळशीला हात लावायचा नाही. हात मोकळे सोडून चालायचं आणि दारात पोचल्यावर दुसऱ्या बाईने ती उतरवायची. नवरी तोवर आतल्या खोलीत बसून असते, कारण पाणी येताना तिने बघायचं नसतं. का बघायचं नसतं ते कुणाला माहीत नाही. विचारलं तर पद्धत आहे म्हणतात. पाणी सांडलं तर काही वाईट होतं असं कुणी मानत नाही, फक्त पुढची काही वर्षं प्रत्येक लग्नात त्या बाईची थट्टा होते. आमच्या आळीत थट्टेची गोष्ट कुणी सहसा विसरत नाही.

माझ्या लग्नात पाणी काकूने आणलं. आई आदल्या पावसाळ्यात गेली होती. मी आतल्या खोलीत बसून बँड जवळ येताना ऐकत होते, आणि मग पद्धत मोडून खिडकीशी गेले. माहेरच्या अंगणाला दगडांचा उंच गडगा होता. गडग्यावरून फक्त कळशी दिसत होती, संध्याकाळच्या उन्हात चमकणारी, एकसारखी पुढे सरकणारी. खालचं माणूस दिसत नव्हतं. जोवर गडगा आहे तोवर ती आई आहे, असं मी ठरवून टाकलं. मग फाटक आलं आणि काकूचा चेहरा दिसला. काकू फार चांगली बाई होती, तिने माझं सगळं आईसारखं केलं. तरी त्या फाटकाशी मला जे वाटलं ते मी पुढे कुणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

तेव्हा मुलीचं पाणी मी आणणार, यात माझ्या बाजूने चर्चेला जागा नव्हती.

घरच्यांनी चर्चा केलीच. नवऱ्याने केळींकडे बघत बघत सुचवलं की या खेपेला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आणलं तर काय बिघडलं. जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात. त्यांचं माहेर मिठागराच्या गावचं, लहानपणापासून डोक्यावर ओझी वाहिलेली, सत्तरीला टेकल्या तरी मान खांबासारखी सरळ. शिवाय माझ्या मुलीवर त्यांचा जीव. त्या स्वतःहून येऊन सांगून गेल्या की काळजी करू नको, मी आहे. इतकं चांगलं बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून मी नवऱ्यावर रागावले.

मुलीने वाद घातला नाही. तिने परस्पर बोळिंजच्या एका संकुलात, तळमजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये वेळ घेतली आणि मला तिथे नेऊन बसवलं. तिथली मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, विदर्भातून इकडे आलेली. तिने चक्कर, तोल, शब्द हरवणं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मान दुखते का. मी म्हटलं, ती तर कायमच दुखते, ते सोडा. ती म्हणाली, ते सोडून कसं चालेल.

तिने माझ्या कपाळाला एक पट्टा बांधला. पट्ट्यावर छोटासा दिवा होता. समोरच्या भिंतीवर कागदाचं वर्तुळ चिकटवलेलं होतं आणि दिव्याचा तांबडा ठिपका त्याच्या बरोबर मधे पडत होता. आता डोळे मिटा, मान सावकाश डावीकडे वळवा, पुन्हा समोर आणा आणि समोर आली असं वाटलं की सांगा, असं ती म्हणाली. मी मान वळवली, परत आणली आणि सांगितलं की आली. डोळे उघडले तर ठिपका वर्तुळात नव्हता. डावीकडच्या स्विचबोर्डावर होता. मी म्हटलं पट्टा सरकला असेल. तिने पट्टा घट्ट केला. पुन्हा स्विचबोर्ड. इतकी वर्षं मुलांना सरळ रेषेत उभं राहा म्हणून दटावलं, आणि माझं स्वतःचं समोर हे असं बाजूला जाऊन बसलेलं.

तिने मग समजावून सांगितलं. मानेतल्या बारीक बारीक स्नायूंमधून मेंदूला सतत खबर जात असते की डोकं आता कुठे आहे, किती वळलं आहे. डोळे आपली खबर देतात, कानाच्या आतला भाग आपली देतो. मेंदू तिन्ही जुळवतो आणि आपल्याला वाटतं आपण काहीच न करता उभे आहोत. मान दुखून आखडली की तिची खबर चुकते. मी हे माझ्यापुरतं असं लावून घेतलं की रिक्षात मागे तिघं बसले आहेत आणि तिघं तीन रस्ते सांगताहेत. रिक्षावाला काही वेळ ऐकून घेतो, मग रिक्षा हळू करतो, आणि रस्त्याशिवाय त्याला दुसरं काहीच सुचत नाही. माझे शब्द याच गडबडीत सांडत होते. मेंदूचा सगळा वेळ मला उभं ठेवण्यात जात होता. ओंजळ आणि उंबरा शोधायला त्याला सवड नव्हती. मला हायसं वाटलं. आपल्याला म्हातारचळ लागलेला नाही, आपण नुसत्या आखडलो आहोत, हे कळणं काही कमी नाही.

कळशीचं विचारलं तेव्हा मात्र तिने सरळ नाही म्हटलं. डोक्यावर वजन अजिबात नको. मी तिला रीत समजावून सांगितली, बँडसकट. तिला आमची रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, आधी ठिपका वर्तुळात आणा, मग बघू.

व्यायाम असा काही बघण्यासारखा नव्हता. हनुवटी आत घ्यायची, सोडायची. भिंतीवर एक कार्ड चिकटवायचं, नजर त्यावरून हलू द्यायची नाही आणि मान सावकाश इकडून तिकडे फिरवायची. शनिवार-रविवारी मुलगी घरी असली की कार्ड काढून टाकायची आणि त्या जागी स्वतः खुर्ची टाकून बसायची. म्हणायची, कार्ड बोअरिंग आहे, माझ्याकडे बघ. तिच्या दोन भुवयांच्या मधे एक बारीक तीळ आहे. त्या तिळावर नजर ठेवायची आणि मान फिरवायची असं आमचं ठरलं. अडचण एकच होती की ही मुलगी जन्मात कधी स्थिर बसलेली नाही. तिच्या लहानपणच्या, चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियनच्या विधीच्या फोटोत सगळी मुलं हात जोडून समोर बघताहेत आणि ही एकटी बाजूच्या खांबावरची पाल बघतेय. व्यायामाच्या मधेच तिचा फोन वाजायचा, तिला हसू यायचं, डास चावायचा. तीळ जागेवर राहायचा नाही आणि मला गरगरायचं. मी दर वेळी एकच सांगायचे, हलू नकोस. ती दोन श्वास थांबायची आणि पुन्हा हलायची.

तरी इतका वेळ सलग मी तिच्या चेहऱ्याकडे ती तान्ही असल्यापासून पाहिलं नव्हतं. ती जाणार याचं वाईट मला लग्नाच्या खरेदीत वाटलं नाही, व्हिसाच्या बोलण्यात वाटलं नाही. ते त्या खुर्चीसमोर वाटलं, आणि तेव्हाही मान फिरवत राहावं लागलं.

ठिपका हळूहळू स्विचबोर्ड सोडून भिंतीवर आला, मग वर्तुळाच्या कडेशी. रस्त्यावर मी पाटापासून लांब राहायला लागले. चालताना बोलता येऊ लागलं, हे नवऱ्याच्याही लक्षात आलं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, पण फिरायला माझ्याबरोबर येणं कमी केलं. शेवटी बोळिंजच्या क्लिनिकमधल्या मुलीने परवानगी दिली, पण अटी घालून. कळशी लहान हवी. बाजूला कुणीतरी चालायला हवं. आणि गरगरल्यासारखं झालं तर पायाकडे बघायचं नाही. समोर लांबवर एखादी न हलणारी गोष्ट शोधायची आणि नजरेने ती धरून ठेवायची.

मी दुपारी वाडीत कुणी नसताना सराव सुरू केला. वजन कमी असावं म्हणून कळशी अर्धीच भरली, आणि केळींच्या दोन ओळी ओलांडायच्या आत झाडाला धरून उभी राहिले. अर्धी कळशी डोक्यावर गप्प बसत नाही. आतलं पाणी पुढे जातं, मागे येतं, आणि त्याचा प्रत्येक हेलकावा मानेत उतरतो. मानेची खबर आधीच जेमतेम, त्यात पाणी आपली वेगळीच सांगतं. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण मी किती वर्गांना शिकवली असेल, तिचा अर्थ लिहा म्हणून किती गुण दिले असतील. डोक्यावर घेऊन बघायची वेळ त्या दुपारीच आली. मग मी सासूबाईंची सगळ्यांत लहान कळशी माळ्यावरून काढली आणि काठोकाठ भरली. भरलेल्या पाण्याला हलायला जागाच नव्हती. ती डोक्यावर निमूट बसली आणि मी वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आले. हे मी कुणाला सांगितलं नाही. तेवढं एक सांगायला हवं होतं.

लग्न जानेवारीतलं. आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही विहिरीवर गेलो. कठड्यावर मेणबत्ती लावली, प्रार्थना झाली, बायकांनी गाणी म्हटली. मुलगी घरात आतल्या खोलीत बसली होती. मी कळशी काठोकाठ भरून कठड्यावर ठेवली, चुंबळ डोक्यावर घेतली आणि उभी राहिले. कळशी चढवायचा मान जाऊबाईंचा. त्यांनी ती उचलली, वजन हाताला लागलं तशी माझ्या मानेकडे एकदा बघितलं, आणि कळशी तिरकी करून निम्मं पाणी विहिरीत ओतून दिलं.

"एवढा पानी कशाला मानेवर, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "आर्धा पुरे."

मी तोंड उघडलं तोवर बँड वाजायला लागला होता आणि कळशी डोक्यावर होती. सगळ्या आळीसमोर जाऊबाईंचा हात मागे कोण ढकलणार, आणि तेही त्यांनी मायेने केलेल्या कामावरून. मी निघाले.

विहिरीपासून वळणापर्यंत ठीक गेलं. समोर एक माड होता, त्याच्या बुंध्यावर मी नजर बांधली. पाणी डोक्यावर डुचमळत होतं, पण माड जागचा हलत नव्हता. जाऊबाई माझ्या उजव्या हाताला चालत होत्या. वळण आलं, माड मागे गेला आणि आमचं घर समोर दिसलं. घराला नवऱ्याने रोषणाई केली होती. मांडवाचा प्रत्येक खांब, दाराची चौकट, ओटा, सगळीकडे दिव्यांच्या माळा, आणि त्यातला एकही दिवा जागेवर नव्हता. लाल पुढे पळतोय, त्याच्यामागून हिरवा, मग सगळे विझून पुन्हा पहिल्यापासून. रोषणाई सुंदर झाली आहे असं सकाळी मीच म्हटलं होतं. आता मी धरायला काहीतरी शोधत होते आणि समोरचं अख्खं घर पळत होतं.

पाण्याने एक हेलकावा घेतला आणि रस्ता डावीकडे कलला. मला तो कलताना स्पष्ट दिसला. पाट कुठे आहे ते मला माहीत होतं आणि माझा पाय त्याच बाजूला निघाला आहे हेही कळत होतं, पण सरळ कुठे ते सापडेना. हात आपोआप वर निघाले होते. थोडं पाणी काठावरून आलं आणि मानेवरून पाठीत उतरलं. ते थंडगार होतं. मी घाबरले. थट्टेला नाही, मला पुन्हा ते फाटक दिसलं, आणि वाटलं, झालं, आता कळशी जाऊबाई घेणार.

तेवढ्यात दारात मुलगी आली.

ती आतल्या खोलीत असायला हवी होती. माझ्यासारखीच पद्धत मोडून खिडकीशी गेली असणार. अंघोळीच्या साध्या कपड्यांत, केस मोकळे, ती दाराच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि सरळ माझ्याकडे बघू लागली. तिच्या भोवतीने दिवे पळत होते. मागच्या बायकांमधे कुजबूज झाली. पोरीला आत घ्या, असं कुणीतरी म्हणालं. जाऊबाईंनी तिला हाक मारायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मुलीने कुणाकडे बघितलं नाही. तिने हात शरीराला चिकटवले होते आणि हनुवटी आत घेतली होती, मला शिकवली होती तशी.

एवढ्या लांबून तीळ दिसत नाही. तरी तो कुठे आहे हे मला माहीत होतं. मी नजर तिथे ठेवली.

पहिलं पाऊल पडायला वेळ लागला. बँडवाल्यांनी ओळखून तेच गाणं पुन्हा वरून घेतलं. मग रस्ता हळूहळू खाली बसला आणि हात खाली आले. पाणी डुचमळत होतं, मधून मधून पाठीत उतरत होतं. ते मी उतरू दिलं. मी चालले. मोबाइल काढून सगळे तिला टिपत होते, एक लहान मूल तिच्या ओढणीला लोंबकळून गेलं, तिच्या कपाळावर बटा येत होत्या. ती हलली नाही. जी मुलगी पाद्रीबाबांसमोर दोन मिनिटं स्थिर राहिली नव्हती ती माझी आळी चालून संपेपर्यंत खांबासारखी उभी राहिली. जवळ गेल्यावर दिसलं की तिचे डोळे भरले आहेत आणि गालावर ओघळलेलं तिने पुसलेलं नाही, कारण पुसायला हात उचलावा लागला असता.

मी दारात पोचले. जाऊबाईंनी कळशी उतरवली. कळशीत किती उरलं होतं ते मी बघितलं नाही, पण माझा ब्लाउज पाठीमागून पूर्ण भिजलेला होता आणि पुढची काही वर्षं मला काय ऐकावं लागणार ते मला समजलं होतं. माझी मान मोकळी झाली. मुलगी अजून तशीच उभी होती, हात चिकटवलेले, हनुवटी आत, नजर माझ्यावर. मला आधी कळेना की ही आत का जात नाही.

तिने ओठ जेमतेम हलवून विचारलं, "मम्मी, आता हलू?"

मी लगेच हो म्हटलं नाही.